ल्यों : रेशमाचें नगर आणि श्रमाचें मोल

फ्रान्स म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें प्रथम पॅरिस उभें राहतें. राजवाडे, राज्यक्रांति, चित्रशाळा, विद्यापीठ, सारें कांहीं त्या एका नगरांत एकवटलें आहे अशी आपली समजूत असते. परंतु राजधानी म्हणजे देश नव्हे. राजधानी आज्ञा देते. त्या आज्ञांचा भार वाहणारीं, कधीं त्यांपुढें मान तुकवणारीं आणि कधीं त्यांच्याविरुद्ध उभीं राहणारीं नगरें प्रांतांत असतात. अशा नगरांपैकीं ल्यों या एका प्राचीन नगराचा वृत्तान्त आज आपणांस सांगावयाचा आहे. इंग्रजी पुस्तकांतून व जुन्या नकाशांतून याचें नांव 'लायन्स' असें आढळतें. सिंहाशीं मात्र त्या नांवाचा मूळचा संबंध नाहीं.

नगरांचे इतिहास पुष्कळदां राजांच्या वंशावळीच्या आधारानें सांगितले जातात. ल्योंचा इतिहास तसा सांगून भागणार नाहीं, कारण कोणत्याहि फ्रेंच राजानें येथें आपली राजधानी केली नाहीं. येथें नांदले ते व्यापारी, सावकार, मुद्रक आणि मुख्यतः विणकर. म्हणून या नगराच्या दोन हजार वर्षांच्या कथेंत एक प्रश्न पुनःपुन्हां डोकें वर काढतो : माणसाच्या श्रमाचें मोल कोणीं ठरवावयाचें? हा प्रश्न मनाशीं धरून आपण त्या नगरांत प्रवेश करूं.

प्रथम भूमीची ओळख करून घेतली पाहिजे. आल्प्स पर्वतांत उगम पावून जिनिव्हाच्या सरोवरांतून बाहेर पडणारी रोन नदी मोठ्या वेगानें येथें येते. उत्तरेकडून येणारी सोन नदी संथ आहे. या दोघींचा संगम जेथें होतो तेथें ल्यों वसलें आहे. दोन प्रवाहांच्या मध्यें जमिनीची एक लांबट जीभ पसरली असून तीच आज नगराचा मध्यभाग होय. सोनच्या पश्चिम तीरावर फुर्वियेर नांवाची टेकडी आहे, आणि दोन नद्यांच्या मध्यें, उत्तरेच्या बाजूस, क्र्वा-रूस नांवाची दुसरी टेकडी आहे. पहिलीवर देवालयें व मठ, दुसरीवर विणकरांचे माग. त्यामुळें एक टेकडी प्रार्थना करते आणि दुसरी राबते, अशी म्हणच तेथें पडली आहे. भूमध्य समुद्रापासून उत्तर युरोपकडे जाणारा सर्वांत सोपा मार्ग रोनच्या खोऱ्यांतून जातो. ज्याच्या हातीं हा संगम, त्याच्या हातीं हा मार्ग. नगराच्या भाग्योदयाचें मूळ येथें आहे.

इसवी सनापूर्वी ४३ मध्यें, म्हणजे ज्युलियस सीझरच्या खुनानंतर एका वर्षानें, मुनातियस प्लांकस या रोमन अधिकाऱ्यानें फुर्वियेरच्या टेकडीवर ही वसाहत स्थापन केली. तिचें नांव लुग्दुनुम. यांतील 'दुनुम' हा केल्टिक शब्द तटबंदीची टेकडी या अर्थाचा आहे. लुग्दुनुम हेंच नांव बोलतां बोलतां झिजून ल्यों असें झालें. सम्राट ऑगस्टसचा सेनापति अग्रिप्पा यानें गॉल देशांत राजमार्गांची जी आंखणी केली तिचें केंद्र हें नगर होतें. इसवी सनापूर्वी १२ मध्यें क्र्वा-रूसच्या उतारावर रोम व ऑगस्टस यांच्या नांवें एक भव्य वेदी उभारण्यांत आली, आणि गॉलच्या तिन्ही प्रांतांतील जमातींचे प्रतिनिधि दरवर्षीं १ ऑगस्ट रोजीं तेथें जमूं लागले. जिंकलेल्या लोकांनीं जेत्याच्या सम्राटाची पूजा करावी हा त्या मेळाव्याचा उद्देश होता. परंतु माणसें एकत्र बसलीं म्हणजे केवळ पूजा करून उठत नाहींत; तीं आपलीं गाऱ्हाणींहि बोलतात. सुभेदाराच्या कारभाराविषयीं तक्रार करण्याची वाट या मेळाव्यानें त्यांना मिळवून दिली.

याच नगरांत इसवी सनापूर्वी १० मध्यें एका मुलाचा जन्म झाला व पुढें तो क्लॉडियस या नांवानें रोमचा सम्राट झाला. इ. स. ४८ मध्यें त्यानें रोमच्या सेनेटपुढें एक भाषण केलें. गॉलमधील प्रतिष्ठित लोकांना सेनेटमध्यें बसण्याचा अधिकार द्यावा असें त्याचें प्रतिपादन होतें. परके लोक आपलेसे करून घेण्यांतच रोमचें बळ आहे, हें त्यानें जुने दाखले देऊन मांडलें. कृतज्ञ ल्योंकरांनीं तें भाषण ब्राँझच्या पत्र्यावर कोरून ठेवलें. कालांतरानें तो पत्रा मातींत गडप झाला आणि १५२८ सालीं क्र्वा-रूसच्या उतारावर एका कापड-व्यापाऱ्याच्या द्राक्षमळ्यांत सांपडला. आज तो फुर्वियेरच्या टेकडीवरील संग्रहालयांत आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस यानें हेंच भाषण आपल्या ग्रंथांत स्वतःच्या शब्दांत दिलें आहे. सम्राट प्रत्यक्ष काय बोलला व इतिहासकारानें त्याला कसें घडवलें, हें दोन्ही मजकूर शेजारीं ठेवून पाहण्याची दुर्मिळ संधि या पत्र्यामुळें अभ्यासकांना लाभली आहे.

या वैभवाला दुसरी बाजू होती. इ. स. १७७ मध्यें येथील ख्रिस्ती लोकांचा छळ झाला. नव्वदीच्या घरांतले वृद्ध धर्मगुरु पोथिनस यांनीं बंदिवासांत प्राण सोडला, आणि ब्लांदिना नांवाच्या दासीला रंगणांत पशूंपुढें टाकण्यांत आलें. वेदीजवळच्या त्या रंगणाचे अवशेष आजहि दिसतात. ज्या समाजांत दासाला नांवगांव नसे, त्या समाजांतील एका दासीचें नांव तिच्या धन्याच्या नांवापेक्षां अधिक काळ टिकलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. पुढें वीस वर्षांनीं, इ. स. १९७ मध्यें, सेप्टिमियस सेव्हेरस व क्लोडियस अल्बिनस या दोन सिंहासनेच्छु सेनापतींची लढाई नगराबाहेर झाली. नगरानें अल्बिनसचा पक्ष धरला होता. तो हरला आणि नगर लुटलें गेलें. पुढच्या शतकांत टेकडीवरची वस्ती ओसाड पडत गेली आणि लोक खालीं सोनच्या कांठीं येऊन राहिले.

मध्ययुगाचा भाग आपण थोडक्यांत उरकूं. या काळांत नगरावर मुख्यतः आर्चबिशपची सत्ता होती. १२४५ व १२७४ सालीं ख्रिस्ती धर्माच्या दोन महापरिषदा येथें भरल्या, आणि १३१२ सालीं फिलिप चौथा या राजानें हें नगर फ्रान्सच्या राज्यास जोडलें. संत जाँ याचें महामंदिर बाराव्या शतकाच्या अखेरीस सुरू होऊन पंधराव्या शतकांत पुरें झालें. एवढें सांगून आपण नगराच्या दुसऱ्या भाग्योदयाकडे वळूं.

हा भाग्योदय जत्रांमुळें झाला. जत्रा म्हणजे येथें देवाची यात्रा नव्हे, तर राजाच्या परवानगीनें भरणारा मोठा व्यापारी बाजार. १४२० सालापासून येथें अशा जत्रा भरूं लागल्या, आणि १४६३ सालीं अकराव्या लुईनें वर्षाला चार जत्रा भरवण्याचा अधिकार ल्योंला दिला. प्रत्येक जत्रा पंधरा दिवसांची. जकातींत सूट होती, परकी नाणीं चालत आणि परदेशी व्यापाऱ्यांना संरक्षण होतें. फ्लॉरेन्स, लुक्का, जिनोआ, मिलान येथील सावकारांनीं येथें पेढ्या घातल्या. जत्रेंत माल विकला जाई, पण त्याहून मोठा व्यवहार हुंड्यांचा होई. युरोपभरच्या हुंड्या येथें येत, परस्परांची वजावाट होई आणि उरेल तेवढीच रक्कम रोख द्यावी लागे. सोनच्या कांठीं जुन्या ल्योंमध्यें आज जीं दगडी चौकांचीं, वळणदार जिन्यांचीं घरें दिसतात, तीं बहुतेक या हुंडीच्या पैशांतून उभीं राहिलीं.

व्यापाराच्या मागोमाग विद्या आली. १४७३ सालीं येथें पहिलें पुस्तक छापलें गेलें, आणि पुढच्या शतकांत ल्यों हें युरोपांतील मुद्रणाचें एक अग्रगण्य केंद्र बनलें. राब्ले हा थोर लेखक १५३२ सालीं येथील रुग्णालयांत वैद्य म्हणून रुजू झाला, आणि त्याच सुमारास त्याचें 'पांताग्र्युएल' हें पुस्तक येथेंच छापून निघालें. दोरखंड वळणाऱ्या धंदेवाइकाची पत्नी लुईझ लाबे हिच्या कविता १५५५ सालीं येथेंच प्रसिद्ध झाल्या व फ्रेंच वाङ्मयांत त्यांस मानाचें स्थान मिळालें.

परंतु आपला मूळचा प्रश्न याच छापखान्यांतून पुन्हां उभा राहिला. १५२९ सालीं धान्य महागलें तेव्हां गरिबांनीं कोठारें फोडलीं. त्यानंतर नगराच्या धुरीणांनीं एक सार्वजनिक दानसंस्था स्थापन केली व १५३४ पासून ती कायमची झाली. भुकेल्यास अन्न मिळालें. पण दान हें दात्याच्या मर्जीवर असतें, आणि मजुरी हा हक्क असतो. १५३९ सालीं छापखान्यांतील कामगारांनीं काम बंद पाडलें. पुरेसें अन्न व योग्य वेतन मिळावें, आणि बिनपगारी शिकाऊ मुलांची भरमसाट भरती थांबावी, या त्यांच्या मागण्या होत्या. युरोपांतील आरंभींच्या संपांत या संपाची गणना होते.

आतां रेशमाकडे येऊं. इटलींतून येणाऱ्या रेशमी वस्त्रांवर फ्रान्सचा फार पैसा खर्च होत असे. तो वांचावा म्हणून १४६६ सालीं अकराव्या लुईनें ल्योंमध्यें रेशमाचे माग घालण्याचा हुकूम काढला, पण इटालियन व्यापारावर गबर झालेल्या ल्योंकरांनीं त्याला दाद दिली नाहीं व ते माग तूर शहरीं हलवावे लागले. १५३६ सालीं फ्रांस्वा पहिला यानें एत्येन तुर्के या पीदमाँतहून आलेल्या व्यापाऱ्यास सवलती दिल्या, आणि या वेळीं मात्र धंद्यानें मूळ धरलें. सतराव्या व अठराव्या शतकांत व्हर्सायच्या राजवाड्यापासून युरोपच्या दरबारांपर्यंत ल्योंचें किनखाब व मखमल जाऊं लागलें.

या धंद्याची रचना नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या साऱ्या संघर्षाचें बीज तींत आहे. ल्योंमध्यें सर्व विणकर एका छताखालीं बसले आहेत असा कारखाना नव्हता. सर्वांत वर होते व्यापारी. ते कच्चें रेशीम विकत घेत, नक्षी काढवून घेत, आणि तयार कापड विकत. त्यांच्या घरीं माग मात्र नसे. त्यांच्या खालीं मागवाले. हा मनुष्य आपल्या राहत्या घरांतच दोन ते सहा माग मांडी. त्याला व्यापाऱ्याकडून सूत मिळे आणि विणलेल्या मापाप्रमाणें मजुरी मिळे. त्याच्याही खालीं रोजंदारीचा विणकर. तो मागवाल्याच्या घरीं राही, आणि त्याच्या मागावर विणलेल्या कापडाच्या मजुरीपैकीं साधारणतः निम्मी त्याच्या वांट्यास येई. मागवाला हा अशा रीतीनें एकीकडून धनी आणि दुसरीकडून मजूर होता. माग त्याचा, घर त्याचें, दिव्याचें तेल त्याचें. मजुरीचा दर तेवढा दुसऱ्याच्या हातीं.

१७८६ सालीं विणकरांनीं दर मापामागें दोन सू वाढवून मागितले. सू म्हणजे तेव्हांचें एक क्षुद्र नाणें. प्रथम मागणी मान्य झाली, मग सैन्य आलें, वाढ रद्द झाली आणि तिघांना फांशीं देण्यांत आलें. तीन वर्षांनीं फ्रेंच राज्यक्रांति झाली. तिच्यांतहि ल्योंच्या वांट्यास सुख आलें नाहीं. १७९३ सालीं पॅरिसच्या जहाल सत्तेविरुद्ध नगर उठलें. क्रांतीच्या सैन्यानें दोन महिने वेढा घालून ऑक्टोबरांत तें जिंकलें. नगराचें नांवच पुसून टाकावें व त्यास 'मुक्त नगर' म्हणावें असा ठराव पॅरिसमध्यें झाला. दीड हजारांहून अधिक लोकांना मृत्युदंड झाला आणि बेलकूर चौकांतील सुंदर हवेल्या पाडण्यांत आल्या. धंदा बसला व कारागीर पांगले.

या वेढ्यांत नगराच्या बाजूनें लढणाऱ्यांत जोझेफ मारी जाकार नांवाचा एक गृहस्थ होता. त्याचा जन्म ल्योंमध्येंच १७५२ सालीं, विणकराच्या घरीं झालेला. त्याचें नांव आपणांस अपरिचित नाहीं. सोलापुरी चादरीवरची नक्षी ज्या यंत्रावर विणली जाते त्याला आपण 'जॅकार्ड' म्हणतों, तो हाच.

त्याच्या यंत्राचें मर्म सोपें आहे. कापडांत उभे धागे ताणलेले असतात व आडवा धागा धोट्यानें त्यांतून नेला जातो. साधें कापड विणतांना एकाआड एक उभा धागा उचलला कीं काम होतें. नक्षी विणावयाची असेल तर प्रत्येक फेरीला वेगवेगळे धागे उचलावे लागतात. फूल कोठें, पान कोठें, हें त्या उचलण्यावर ठरतें. पूर्वी हे धागे दोऱ्यांनीं ओढण्यासाठीं मागाजवळ एक मुलगा किंवा स्त्री उभी असे. दिवसभर जड दोऱ्या ओढून या जिवांच्या शरीराची दुर्दशा होई. जाकारनें भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवली. पुठ्ठा सुयांच्या रांगेपुढें येतो. जेथें भोक असेल तेथें सुई आरपार जाते आणि तिच्याशीं जोडलेला आंकडा धागा उचलतो. भोक नसेल तेथें सुई मागें रेटली जाते व धागा खालींच राहतो. एका पुठ्ठ्याला एक फेरी. पुठ्ठ्यांची माळ बदलली कीं नक्षी बदलली.

ही कल्पना एकट्या जाकारची नव्हे. बूशों, फाल्कों व व्होकांसाँ यांनीं अठराव्या शतकांत तिचे वेगवेगळे अंश सिद्ध केले होते. १८०४ च्या सुमारास जाकारनें ते एकत्र जुळवून चालतें यंत्र केलें. भोक आणि भोकाचा अभाव या दोनच खुणांनीं यंत्राला आज्ञा देतां येते, हें त्यानें जगाला दाखवलें. इंग्लंडांतील गणिती चार्लस बॅबेज यानें आपल्या नियोजित गणकयंत्रासाठीं हीच पुठ्ठ्यांची युक्ति घेतली. जाकारची जी प्रतिमा १८३९ सालीं ल्योंमध्यें रेशमांत विणली गेली, तिला सुमारें चोवीस हजार पुठ्ठे लागले होते, आणि तिची एक प्रत बॅबेजपाशीं होती. आजच्या संगणकाच्या पूर्वजांत ल्योंच्या मागाची गणना होते ती यामुळें.

नवा माग उंच होता. जुन्या नगरांतील ठेंगण्या खोल्यांत तो मावेना. म्हणून क्र्वा-रूसच्या टेकडीवर, क्रांतींत जप्त झालेल्या मठांच्या जमिनीवर, सुमारें चार मीटर उंचीच्या खोल्यांचीं नवीं घरें बांधलीं गेलीं. भरपूर उजेड यावा म्हणून खिडक्याहि उंच. खालीं माग, वर पोटमाळ्यावर झोंपण्याची जागा. येथील विणकराला 'कान्यु' म्हणत. पहांटेपासून रात्रीं उशिरापर्यंत मागांचा खडखडाट चाले. पंधरा तासांचा दिवस ही नित्याची गोष्ट होती.

१८३१ साल आलें. नगरांत सुमारें आठ हजार मागवाले व तीस हजार रोजंदारीचे विणकर होते. मजुरीचे दर वर्षानुवर्षें घसरत होते. विणकरांची मागणी अशी कीं, निरनिराळ्या कापडांसाठीं मजुरीचा किमान दर ठरवून द्यावा. बुव्हिये-द्युमोलार हा तेथील प्रीफे, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारखा अधिकारी होता. त्यानें दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींना समोरासमोर बसवलें. २५ ऑक्टोबर रोजीं हजारों विणकर टेकडीवरून शिस्तीनें खालीं उतरले व कचेरीसमोर शांतपणें उभे राहिले. त्या दिवशीं दरपत्रकावर सह्या झाल्या. टेकडीवर त्या रात्रीं आनंदोत्सव झाला.

परंतु शंभरांहून अधिक व्यापाऱ्यांनीं तें दरपत्रक मानण्यास नकार दिला. त्यांचीहि बाजू ऐकली पाहिजे. झुरिक, क्रेफेल्ड, लंडन येथील माल स्वस्त होत चालला आहे. दर बांधून टाकला तर परदेशचीं गिऱ्हाइकें जातील व विणकराला आज मिळते ती मजुरीहि मिळणार नाहीं, असें ते म्हणत. शिवाय १७९१ च्या कायद्यानें धनी किंवा मजूर यांनीं संघ करून मजुरी ठरवण्यास बंदी होती. प्रत्येक व्यक्ति स्वतंत्र आहे आणि दोन स्वतंत्र व्यक्तींच्या करारांत सरकारनें पडूं नये, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धान्त होता. विणकरांचें उत्तर असें कीं, एकाच्या घरीं वर्षभराचें धान्य आणि दुसऱ्याच्या घरीं उद्यांची भाकर नाहीं, तेव्हां दोघांच्या स्वातंत्र्याचें वजन सारखें कसें मानावें? या दोन उत्तरांमध्यें त्या वर्षींचें सारें जग विभागलें गेलें होतें, आणि आजहि तें पुरतें एक झालेलें नाहीं.

२१ नोव्हेंबरच्या सकाळीं विणकर पुन्हां टेकडीवरून उतरले. वाटेंत राष्ट्ररक्षक दलानें गोळीबार केला व माणसें पडलीं. मग रस्तोरस्तीं अडथळे उभे राहिले. काळें निशाण फडकलें. काम करून जगूं, नाहीं तर लढून मरूं, हें त्यांचें ब्रीद होतें. दोन दिवस लढाई होऊन दीडशेंहून अधिक माणसें दोन्ही बाजूंनीं मेलीं, आणि तिसऱ्या दिवशीं सैन्य नगर सोडून निघून गेलें. फ्रान्समधील दुसऱ्या क्रमांकाचें नगर विणकरांच्या हातीं आलें.

आणि येथें इतिहासांतील एक विलक्षण दृश्य दिसतें. विजयी विणकरांनीं टांकसाळीवर व खजिन्यावर पहारे बसवले आणि लुटारूंना अटकाव केला. त्यांनीं राजा पदच्युत केल्याचें जाहीर केलें नाहीं, नवें राज्यहि स्थापिलें नाहीं. प्रीफे आपल्या जागीं राहिला. त्यांना राज्य नको होतें. ठरलेला दर हवा होता. म्हणूनच कदाचित् त्यांचा विजय टिकला नाहीं. ३ डिसेंबर रोजीं मार्शल सूल्त व युवराज यांनीं वीस हजार सैन्यानिशीं नगरांत प्रवेश केला. दरपत्रक रद्द झालें, आणि तें घडवून आणणाऱ्या प्रीफेला परत बोलावण्यांत आलें. एप्रिल १८३४ मध्यें, संघस्वातंत्र्यावर घाला घालणारा नवा कायदा येत असतां, पुन्हां उठाव झाला. या वेळीं सैन्यानें दाट वस्तींत तोफा चालवल्या. तीनशेंहून अधिक लोक त्या आठवड्यांत मेले.

तलवारीच्या हिशेबानें विणकर दोन्ही वेळां हरले. परंतु दुसराहि एक हिशेब आहे. १८२८ सालीं मागवाल्यांनीं परस्परसाहाय्याचें मंडळ काढलें होतें. १८३१ ते १८३४ पर्यंत त्यांनीं स्वतःचें साप्ताहिक चालवलें. १८३५ सालीं याच टेकडीच्या उतारावर सहकारी तत्त्वाचें एक किराणा दुकान उघडलें. इंग्लंडांतील प्रसिद्ध रॉचडेलच्या दुकानापूर्वी तें नऊ वर्षें निघालें. त्याहिपूर्वी, १८०६ सालीं, धंद्यांतील तंटे मिटवण्यासाठीं ल्योंमध्यें एक पंचायत स्थापन झाली होती. तींत पांच व्यापारी व चार मागवाले असत. पांच विरुद्ध चार, आणि रोजंदारीच्या विणकराला जागाच नाहीं, म्हणजे पारडें कोणाकडे झुकलेलें होतें तें स्पष्टच आहे. पण धनी आणि कारागीर यांनीं एका मेजाशीं बसून न्याय करावा ही कल्पना तेथें रुजली. आज फ्रान्सभर मजुरांचे तंटे ज्या न्यायमंडळांपुढें चालतात त्यांचें नांव तेंच आहे, आणि त्यांत दोन्ही पक्षांचे पंच समसमान असतात.

पुढें हस्तमागाचें युग सरत गेलें. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेशमाच्या किड्यांवर रोग पडून फ्रान्समधील कोसल्यांचें उत्पादन बुडालें. १८६५ सालापासून पाश्चरनें त्यावर संशोधन करून निरोगी अंडीं निवडण्याची रीत घालून दिली, पण तोंवर ल्योंचे व्यापारी चीन व जपानकडे वळले होते. यंत्रमाग आले, ते मजुरी कमी असलेल्या खेड्यांत गेले, आणि नंतर कृत्रिम रेशीम आलें. क्र्वा-रूसचा खडखडाट थंडावला.

या नगरानें जगाला आणखी एक वस्तु दिली. १८९५ सालीं ल्यूमिएर बंधूंनीं ल्योंमधील आपल्या कारखान्याच्या दाराशीं चलच्चित्राचें यंत्र ठेवलें आणि सुटीच्या वेळीं बाहेर पडणारे कामगार टिपले. अवघ्या मिनिटाभराहून कमी वेळाचें तें दृश्य. चित्रपटाच्या जन्मकाळीं पडद्यावर आले ते राजे नव्हेत, रणवीर नव्हेत. काम संपवून घरीं निघालेले स्त्री-पुरुष. पुढच्याच वर्षीं, ७ जुलै १८९६ रोजीं, ल्यूमिएरांच्या माणसांनीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत आपले खेळ दाखवले, आणि हिंदुस्थानांत चित्रपटाचा प्रवेश झाला.

दुसऱ्या महायुद्धांत ल्यों हें जर्मन सत्तेविरुद्धच्या गुप्त चळवळीचें एक प्रमुख ठाणें बनलें. जुन्या घरांच्या पोटांतून एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर निघणाऱ्या बोळी येथें पुष्कळ आहेत. त्यांना 'त्राबूल' म्हणतात. पावसांत रेशीम न भिजतां नेण्यास त्या विणकरांच्या उपयोगीं पडत. त्याच बोळींनीं आतां पाठलाग चुकवणाऱ्यांना आसरा दिला. तरी सर्वच वांचले नाहींत. चळवळीचे संघटक जाँ मूलें यांना २१ जून १८४३ नव्हे, तर त्यानंतर बरोबर एका शतकानें, १९४३ सालीं त्याच दिवशीं, नगरालगतच्या काल्युइर येथें पकडण्यांत आलें. हाल सोसूनहि त्यांनीं तोंड उघडलें नाहीं, आणि पुढच्या महिन्यांत त्यांचा अंत झाला. त्यांचा छळ करणारा जर्मन अधिकारी क्लाउस बार्बी याला अनेक वर्षांनीं शोधून आणण्यांत आलें. १९८७ सालीं ल्योंमध्येंच, मानवतेविरुद्धच्या अपराधांसाठीं, त्याच्यावर खटला चालून त्यास जन्मठेप झाली.

१९९८ सालीं युनेस्कोनें जुन्या ल्योंचा, फुर्वियेरचा व क्र्वा-रूसच्या उताराचा जागतिक वारशांत समावेश केला. विणकरांसाठीं बांधलेल्या उंच खोल्यांना आज चांगला भाव आहे. त्यांत सुस्थितींतील कुटुंबें राहतात आणि छताच्या जाड तुळयांचें कौतुक करतात. ती उंची शोभेसाठीं नव्हती, मागासाठीं होती, हें सांगावें लागतें. एखादें किनखाब आपण संग्रहालयांत पाहतों तेव्हां त्याखालीं राजाचें नांव असतें, कधीं नक्षीकाराचें असतें. विणणाराचें बहुधा नसतें. ल्योंचा इतिहास वाचावयाचा तो त्या न लिहिलेल्या नांवासाठीं. वस्त्राची किंमत बाजार ठरवतो, पण तें विणणाऱ्या हाताचें मोल ठरवतांना त्या हाताच्या धन्यालाहि बोलावून विचारलें पाहिजे, एवढीच गोष्ट या नगराच्या विणकरांनीं दोनदां टेकडी उतरून सांगितली. ती मान्य होण्यास फार वर्षें लागलीं, आणि पुष्कळ ठिकाणीं ती अजून मान्य व्हावयाची आहे.